इंजिनिअरिंग वाया गेलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रदर्शनात, लग्नात, अगदी सोसायटीच्या लिफ्टमध्येही हाच प्रश्न येतो: "मेकॅनिकल इंजिनिअर होतात ना? मग ते सगळं वायाच गेलं म्हणायचं?" (पगाराचं विचारायचं असतं, पण तेवढं पोटात ठेवतात.)

माझी शिल्पं भाजलेल्या मातीची आणि भंगारातल्या लोखंडाची. या दोघांचं सूत मुळात जुळत नाही. स्टोनवेअरची, म्हणजे चढ्या आचेवर भाजून दगडासारखी कडक होणारी माती ओली असल्यापासून भाजून निघेपर्यंत साधारण दहा-बारा टक्के आटते, लोखंड आटत नाही. गिअरभोवती माती थापली, तर ती वाळतानाच फाटते. तांबं आत घालावं, तर ते १०८५ अंशांना वितळतं आणि माझी भट्टी १२४०पर्यंत जाते. शिवाय ५७३ अंशांपाशी मातीतलं क्वार्ट्झ हे खनिज रचना बदलून फुगतं, थंड होताना तिथेच पुन्हा आकसतं. दार घाईने उघडलं की तडा ठरलेला.

म्हणून धातू नंतर जोडायचा. भाजल्यावर ५० मिलिमीटरचं भोक हवं असेल, तर ओल्या मातीत मी ५७चं कापते. मग नट-बोल्ट, मध्ये रबराचा वॉशर. हा जोड मी लपवत नाही. इपॉक्सीचा गोंद भरून, वर रंग मारून झाकलेला जोड मला लबाडीचा वाटतो. आता सांगा, यात वाया काय गेलं? अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरनेही १९१९मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगचीच पदवी घेतली होती. वाऱ्यावर फिरणारी त्याची टांगती शिल्पं बघा, प्रत्येक तार कुठे अडकवायची हा तोलाचाच प्रश्न आहे.

एक गोष्ट मात्र खरंच सुटली: आधी ड्रॉइंग, मग वस्तू हा क्रम. भोकांचा हिशेब मांडता येतो, मातीच्या झुकण्याचा नाही. वरच्या तापमानाला ती नरम पडते आणि उंच भिंत स्वतःच्या वजनाने कुठे कलेल, ते भट्टी उघडल्यावरच कळतं. पूर्वी असा तुकडा मी रिजेक्ट केला असता. आता तो कल पाहून त्याला टेकू शोधायला निघते: एखादी स्प्रिंग, वाकलेला पाइप.

भंगारवाला विचारतो, "ताई, साइज काय पाहिजे?"

"माल दाखवा, मग सांगते."