दिवसा शुद्धीवर, रात्री झिंगलेले होकायंत्र: पोलादी बोटीचा माझा अनुभव

आमच्या ९ मीटर लांबीच्या पोलादी बोटीवर भरवशाचे होकायंत्र बसवायला किती वेळ लागला, असे कोणी विचारले तर यंत्र निवडायला दोन दिवस आणि दिव्यांच्या एका वायरीपायी सात आठवडे, असे उत्तर मला द्यावे लागते. ही बोट आम्ही तिघा निवृत्त मित्रांनी मिळून गेल्या वर्षी घेतली. त्याआधी ती गाळ काढणाऱ्या ड्रेजरला सामान पोचवत असे, आणि आता ती बेलापूरच्या खाडीत उभी असते. जुन्या मालकाने होकायंत्र काढून नेले होते, त्यामुळे निवडीचा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर आला.

लाकडी होडीवर कोणतेही बरे यंत्र चालून जाते, पण पोलादाचे तसे नाही. बांधणीच्या वेळी बोट ज्या दिशेला तोंड करून महिनोन्‌महिने पडून असते, त्या दिशेचे चुंबकत्व ठोकाठोकीने आणि वेल्डिंगने तिच्या अंगात मुरते आणि काट्याला आपल्याकडे ओढते. मुंबईच्या दुकानात मला तीन पर्याय दाखवण्यात आले. उपग्रहांवर चालणारे यंत्र पोलादाला जुमानत नाही हे खरे. परंतु ते विजेवर अवलंबून असते, आणि वीज गेल्यावर उपयोगी पडेल असे काहीतरी मला हवे होते. साधा जीपीएस तर होकायंत्राची जागा घेऊच शकत नाही, कारण बोट कोणीकडे सरकते आहे एवढेच तो सांगतो. ओहोटीने बोट तिरकी वाहत असेल, तर तिचे तोंड नेमके कोणीकडे आहे ते त्याला ठाऊक नसते. इलेक्ट्रॉनिक चुंबकीय सेन्सर डोलकाठीवर उंच बसवता आला तर उत्तम, पण आमच्या बोटीला डोलकाठीच नाही आणि पोलादी केबिनच्या आत तो बसवणे व्यर्थ आहे. म्हणून मी १०० मिलिमीटर तबकडीचे, द्रव भरलेले, बाजूंना दुरुस्तीची चुंबके आणि मऊ लोखंडाचे दोन गोळे बसवण्याची सोय असलेले साधे यंत्र घेतले.

दुकानदार यंत्रासोबत फ्लिंडर्स बार, म्हणजे पुढच्या बाजूला लावायची मऊ लोखंडाची उभी कांडी, गळ्यात मारू पाहत होता. जी बोट दूरच्या अक्षांशांवर जाते तिला ती लागते. बेलापूर ते अलिबाग करणाऱ्या आमच्या बोटीला तिची गरज नव्हती. उत्तर युरोपातील जहाजांसाठी तोललेले यंत्रही मी नाकारले. तिकडे चुंबकीय बल पुष्कळ तिरके असते आणि आपल्याकडे ते क्षितिजाशी सुमारे २६ अंशांचाच कोन करते, त्यामुळे तिकडची तबकडी इथे कलून बसते. यंत्र घेताना छोटे चुंबक जवळ नेऊन तबकडी थोडी फिरवावी आणि चुंबक दूर करावे. ती पुन्हा त्याच आकड्यावर आली नाही, तर आतली टाचणी झिजली आहे असे समजावे. मी दुकानात ही परीक्षा केली तेव्हा दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

त्यानंतर यंत्र जुळवून घेण्यासाठी आम्ही व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेल्या एका कॅप्टनसाहेबांना बोलावले. प्रवाह मंद असावा म्हणून त्यांनी भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस आणि सकाळची वेळ निवडली. पुलांपासून दूर, मोकळ्या पाण्यात बोट आठ दिशांना तोंड करून स्थिर चालवली आणि सूर्याच्या दिशेशी ताडून प्रत्येक वेळची चूक लिहून घेतली. सुरुवातीला एका दिशेला तब्बल ३१ अंशांची चूक होती. चुंबके आणि गोळे हलवून तीन तासांत ती जास्तीत जास्त ३ अंशांवर आली. चुकांचे कार्ड तयार झाले, मी ते लॅमिनेट करून केबिनमध्ये लावले आणि घरी पेढे नेले.

आठवडाभराने आम्ही प्रथमच अंधारात निघालो. पश्चिमेकडे जाताना सारे ठीक होते, पण बंदराच्या पाण्यात येऊन दक्षिणेला वळताच यंत्र आणि समोरचे ओळखीचे दिवे यांचा मेळ बसेना. आमची बोट हाकणारे तांडेल म्हणाले, "साहेब, ह्यो दिवसा शुद्धीवर असतो आणि रात्री झिंगतो." मला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर, बोटीचे तोंड दक्षिणेला असताना, मी सहज दिव्यांचे बटण दाबले आणि तबकडी डोळ्यांदेखत ७ अंश सरकली. बटण बंद करताच ती जागेवर आली. ७ अंश म्हणजे एका सागरी मैलाला सुमारे २२५ मीटर. खाडीच्या अरुंद वाटेत तेवढ्यात बोट चिखलात रुतून बसते.

कारण उघड होते. डागडुजी करणाऱ्या वर्कशॉपच्या वायरमनने दिव्यांना एकच वायर नेली होती आणि परतीची वाट म्हणून बोटीचे पोलादी अंगच वापरले होते. ती एकटी वायर होकायंत्राखाली पाव मीटरवरून बोटीच्या लांबीला समांतर जात होती आणि तीन दिव्यांचा मिळून ६ अँपिअर प्रवाह वाहून नेत होती. अशा वायरीचे चुंबकीय बल तेवढ्या अंतरावर ५,००० नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय बलाचे माप) जवळ जाते, आणि आपल्याकडे काट्याला उत्तरेकडे धरून ठेवणारे पृथ्वीचे आडवे बल सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. येण्याजाण्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन नेल्या असत्या, तर त्यांची बले परस्परांना खाऊन गेली असती.

हे मी वर्कशॉपच्या सुपरवायझरला समजावले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "ट्रकला अशीच वायरिंग असते, आजवर एकाचीही तक्रार नाही." पुढचे पाच आठवडे मी त्याच एका वाक्याशी भांडत होतो. प्रथम होकायंत्र खराब असल्याचे सांगण्यात आले. मग कॅप्टनसाहेबांचे लेखी मत मागितले गेले. ते दिल्यावर वायरमन गावी गेला होता. तो परतला तेव्हा तांब्याची केबल आलेली नव्हती. चिडून मी त्यांना शेजारच्याच भागातला जुना दाखला ऐकवला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला हलवावे लागले. अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड वापरला गेला. तोच वारसा सांभाळणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आज आपल्या नवीन पनवेलला आहे. सुपरवायझरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि "सोमवारी माणूस पाठवतो" असे सांगितले. माणूस आला तो त्यापुढच्या गुरुवारी.

पीळ दिलेली जोडवायर टाकायला त्याला फक्त दोन तास लागले. मग मी इंजिन चालू ठेवून पंप, वायपर, वायरलेस, पंखा अशी एकेक वस्तू सुरू करून तबकडीवर डोळा ठेवला. ही चाचणी कॅप्टनसाहेब येण्यापूर्वीच करायला हवी होती. वायपरपाशी अर्धा अंश हलला, तो मी सोडून दिला. पुढच्या भांगाला कॅप्टनसाहेबांनी पुन्हा आठही दिशा तपासल्या, कारण मधल्या काळात वर्कशॉपने कठड्याला वेल्डिंग केले होते, आणि वेल्डिंगनंतर जुने कार्ड कुचकामी ठरते.

आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. त्यामुळे आमच्यासारखे नवखे दुरुस्तीचा विचारच करत नाहीत आणि फसतात. तांडेलांनी कार्डावर दिवे लागलेले असतानाचा आणि विझलेले असतानाचा असे दोन रकाने करून घेतले आहेत. दोन्हींतले आकडे आता सारखेच आहेत, तरी ते दुसरा रकाना पुसू देत नाहीत. आणि एक सांगायचे राहिले: वर्कशॉपने यंत्र बसवताना लोखंडी स्क्रू वापरले होते, ते मी वाशीहून आणलेल्या पितळी स्क्रूंनी स्वतः बदलले.