ड्युअल एनर्जीत स्कॅटरचा लोचा

साध्या छातीच्या एक्स-रेत स्कॅटर, म्हणजे शरीरात आपटून वाट वाकडी झालेले किरण, जास्त आला तर इमेज जरा धुरकट दिसते, विंडोइंग (स्क्रीनवर ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलणं) करून वेळ मारून नेता येते, रेडिओलॉजिस्टही फार कुरकुर करत नाहीत. ड्युअल एनर्जीत, म्हणजे दोन वेगळ्या एनर्जीचे एक्स-रे काढून त्यांची वजाबाकी करतात त्यात, तसं चालत नाही, कारण तिथे नुसतं बघायचं नसतं, आकडेमोड करायची असते.

थोडक्यात सांगतो. एक शॉट साधारण ६० केव्हीला (ट्यूबचं व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये), दुसरा १२० च्या आसपास. हाडातलं कॅल्शियम (अणुक्रमांक २०) कमी एनर्जीचे किरण भरपूर खातं, मांस-चरबी त्यामानाने कमी, म्हणून दोन्ही इमेजचे लॉग (लॉगॅरिदम) घेऊन, योग्य वजन लावून वजा केले की एक इमेज फक्त हाडांची मिळते आणि एक हाडं काढून टाकलेली. बरगडीमागे लपलेली गाठ दिसते, तिच्यात कॅल्शियम आहे का तेही कळतं. भारीच प्रकार आहे, पण सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे, की डिटेक्टरवर आलेला प्रत्येक फोटॉन (किरणाचा कण) ट्यूबपासून सरळ रेषेत आलाय.

आणि तो तसा आलेला नसतो! अख्खी छाती एका दमात एक्सपोज करतो आपण, त्यामुळे शरीराचा प्रत्येक भाग बाकी सगळ्या डिटेक्टरवर किरण उडवत असतो.

आकडे घालून बघा. फुप्फुसाच्या जागी समजा १०% किरण सरळ पार झाले आणि वर १% स्कॅटर पडला. लॉग घेतल्यावर चूक ०.१ पेक्षा कमी. आता मेडियास्टिनमकडे (दोन फुप्फुसांमधला हृदयाचा जाड भाग) या, तिथे सरळ आलेलेच १% धरा आणि स्कॅटर तेवढाच १%, तर चूक थेट ०.६९, शिवाय तिथल्या हाडाचा कॉन्ट्रास्ट निम्मा. म्हणजे काट्यावर कोणीतरी बोट ठेवलंय, धान्याच्या पोत्याला काही फरक पडत नाही पण सोनं मोजायला गेलात की बोंब. बरं, दोन्ही शॉटमध्ये स्कॅटरचं सरळ किरणांशी प्रमाण सारखं असतं तरी एक वेळ सांभाळून घेता आलं असतं, ते एनर्जीप्रमाणे बदलतं आणि पेशंटच्या जाडीप्रमाणेही.

मग स्कॅटर एनर्जीवरून ओळखून गाळता येईल ना, असं बरेच जण विचारतात. नाही येत. ६० केईव्हीचा (केईव्ही म्हणजे एका फोटॉनची एनर्जी मोजायचं एकक) फोटॉन ९० अंशात वळला तरी ५४ च्या आसपास उरतो, ३० अंशात वळला तर जेमतेम १ केईव्ही घालवतो, आणि ट्यूबमधून मुळातच सगळ्या एनर्जींची खिचडी येत असते, कोण कुठून आला कसं कळणार?

स्कॅटर अडवायला डिटेक्टरपुढे ग्रिड लावतातच, शिशाच्या पट्ट्यांची, गुस्ताव्ह बकीने १९१३ ला काढलेली आयडिया आजही तीच आहे. पण थोडा स्कॅटर तीतूनही निसटतो, थोडे सरळ किरणही अडतात, मग डोस वाढवा. खरा उपाय बीम बारीक करणं. जुन्या डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) मशीनमध्ये पेन्सिल बीम असायचा, एकेक बिंदू मोजत जायचा, स्कॅटर नावालाच पण स्कॅन संपता संपत नाही. छातीला ते परवडत नाही, तेवढ्या वेळात पेशंट श्वास घेणार.

उरलं सॉफ्टवेअर करेक्शन. मला स्वतःला शिशाच्या छोट्या चकत्यांची पद्धत सगळ्यात आवडते, चकती बीममध्ये ठेवली की तिच्यामागे सरळ किरण पोचतच नाहीत, म्हणजे तिथे जे काही मोजलं जातं तो जवळपास नुसता स्कॅटर, मग मधल्या जागा अंदाजाने भरायच्या. फँटमवर (चाचणीसाठीच्या नकली शरीरावर) झकास चालतं. पेशंटवर जास्तीचं एक्सपोजर कोण देणार, म्हणून रोजच्या कामात इमेजवरूनच स्कॅटरचा अंदाज बांधणारे अल्गोरिदम असतात, आणि ते ठराविक अंगकाठी धरून ट्यून केलेले असले की जाड पेशंटला गडबडतात.

त्यामुळे कंपनीवाला डेमोला सडपातळ माणसाची चकचकीत हाडांची इमेज दाखवायला लागला की त्याला मांसाच्या जागी ॲक्रिलिकच्या पाट्या एकावर एक रचायला सांगा, वर हाडाच्या जागी ॲल्युमिनियमचा तोच तुकडा ठेवा आणि दर पाटीला त्याची जाडी किती येते ते विचारा. तुकडा तर बदललेला नसतो.