आमची वाटचाल : झैना कदलचं तांबं, रविवार पेठेचं दुकान

बाबांचं दुकान बंब-घंगाळांचं. काश्मिरी माल मी आणला आणि त्यापायी दुकान बुडता बुडता वाचलं, हेही माझंच कर्तृत्व.

श्रीनगरात झैना कदलची तांबटांची गल्ली दिसण्याआधी ऐकू येते. पहिल्या भेटीत उस्तादांनी भाव सांगितलाच नाही. त्रामीचं, म्हणजे एकत्र जेवायच्या मोठ्या ताटाचं झाकण, सरपोश, उलटं केलं आणि माझा अंगठा आतून फिरवला. हातोडीचा प्रत्येक ठोका बोटाला लागत होता. आपला मठार तोच, फक्त हात वेगळा! ठांठूर घडवतो, नक्काश चिनारची पानं कोरतो, कल्हईवाला तिसराच. त्यामुळे माल उशिराच येतो. मी भांडणं सोडून दिलं.

सप्टेंबर २०१४. झेलमचं पाणी लाल चौकात शिरलं. आमचे अकरा समावार, म्हणजे पोटात निखारे घालून चहा करायच्या किटल्या, तिथल्या वाहतूकदाराच्या गोदामात. पैसे भरलेले, दिवाळी तोंडावर. प्रदर्शनात आमच्या गाळ्यावर सहा त्रामी आणि मी. शेजारच्या गाळ्यावर मात्र 'अस्सल काश्मिरी हस्तकला', ढिगाने, आमच्या निम्म्या भावात. काश्मीरमध्ये अशी भांडी यंत्रावर करायला २००६च्या कायद्याने बंदी आहे; बाहेर करून आणलेल्याला कोण विचारतो? गिऱ्हाईक मलाच म्हणायचं, "तुम्ही लुटता."

कोथरूडच्या एक काश्मिरी पंडित काकू आल्या. स्वतःच्या घरी पितळी समावार, पण लेकीला त्रामी द्यायची होती. शेजारचं झाकण उलटं करून आतल्या गोल गोल रेघा बघितल्या. "हे यंत्राच्या चाकावर फिरवलंय," एवढं म्हणाल्या, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मला पूर्ण आगाऊ पैसे दिले आणि सात महिने थांबल्या. त्या पैशांतून मी उस्तादांना तांबं घेऊन दिलं. चिखलातले समावारही आले पुढे; नक्षीतली माती काढायला दाताचे ब्रश लागले.

समावार घेतलात तर आधी पाणी, मग मधल्या नळीत निखारे. कोरड्यात निखारे टाकाल तर आतली कल्हई वितळून ओघळते आणि मग दुकानदाराला शिव्या. तारेच्या घासणीला हातही लावू नका.

तो शेजारी आज मोठ्या रस्त्यावर आहे, पाटी माझ्या दुप्पट. त्याची गिऱ्हाइकं कल्हईला माझ्याकडे येतात. करून देतो. पैसे पूर्ण घेतो.