रोज पाणी घालूनही झाड का मरतं?

आमच्या सोसायटीत कुणाकडे नवी कुंडी आली की महिन्याभरात हा प्रश्न माझ्या दारात येतोच : "अहो, रोज न चुकता पाणी घालते, तरी झाड का गेलं?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते. बहुतेक वेळा ते रोज पाणी घातल्यामुळेच गेलेलं असतं.

मला हे कढीपत्त्याने शिकवलं. पुण्यात या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा पहिलं रोप त्याचंच आणलं. रोज सकाळी चहाच्या आधी तांब्याभर पाणी. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली, शेंड्याने मान टाकली. तहानलं असेल म्हणून मी संध्याकाळीही पाणी सुरू केलं. तेवढ्यात साताऱ्याहून आत्या आली. तिने वर्तमानपत्र पसरून कुंडी उलटी केली. मातीचा अख्खा गोळा बाहेर आला, काळा, चिकट, गटारासारखा वास मारणारा. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर त्याची साल निसटून हातात आली, आत नुसता दोरा राहिला. कुंडीच्या बुडाची भोकं पातळ प्लास्टिकने बंद होती. ती आपण टोचून मोकळी करायची असतात, हे मला माहीतच नव्हतं.

"अगं, बुडालं की गं ते," आत्या म्हणाली. मला फार वाईट वाटलं होतं.

मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यातून ती मिळते. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड चिखलात उभं असूनही पानं तहानल्यासारखी लोंबतात. आपण ते बघून आणखी पाणी घालतो. सगळा घोटाळा इथे होतो.

तेव्हा पाणी घालण्याआधी मातीत बोट घाला, दोन पेरं आत जाईल इतकं. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडं लागलं तर मात्र खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर घाला. रोज वरवर शिंपडल्याने मुळं वरच राहतात. एप्रिल-मेमध्ये लहान कुंडीला रोज पाणी लागेल, पावसाळ्यात आठवडाभर लागणार नाही. जून आला की कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच ठेवा, नाहीतर मुळं कुजतील आणि डासही होतील.

मातीबद्दल थोडंसं. नुसती लाल माती भरू नका, दोन महिन्यांत ती विटेसारखी घट्ट होते. मी साधारण एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत घेते आणि वर मूठभर निंबोळी पेंड, म्हणजे निंबोळ्यांचं तेल काढून उरलेला चोथा. कुंडीच्या तळाला सुका पालापाचोळा दाबून भरते. रस्त्याकडेला झाडून जाळला जातो तो पाला बघितला की माझा जीव तुटतो. ते खत आहे हो!

नवशिक्यांनी टोमॅटो आणि गुलाबाच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना पाच-सहा तास कडक ऊन लागतं, आपल्या बाल्कनीत ते क्वचितच येतं. पुदिना घ्या. मंडईतून आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्यांची खालची पानं काढून त्या पाण्यात उभ्या करा, आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. फक्त त्याला वेगळी कुंडी द्या, तो शेजाऱ्याला जगू देत नाही. मेथी तर तीन-चार दिवसांत उगवते.

आणि दसरा झाला, हवा जरा निवली, की कोथिंबीर पेरा. उन्हाळ्यात पेरलेली लगेच फुलावर जाते. घरातलेच धने चालतील, फार जुने मात्र नकोत. पोळपाटावर लाटणं हलकेच फिरवून एकेका धन्याचे दोन भाग करा. प्रत्येक भागात एक बी असतं. रात्रभर भिजवून पेरा, वर अर्धा इंच माती. इथे बोटाचा नियम नाही : उगवेपर्यंत वरची माती ओलसर हवी, म्हणून हाताने हलकं शिंपडा. आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही जास्त, काही दिसणार नाही. उकरून बघू नका. मग एका सकाळी दोन-दोन लांबट, अरुंद पानं वर आलेली दिसतील. ती कोथिंबिरीसारखी अजिबात दिसत नाहीत, कातरलेली पानं नंतर येतात. त्यांना गवत समजून उपटू नका.