मांजरा धरणाच्या वरच्या पाणलोटाचं स्वॅट मॉडेल: माझा अनुभव

मांजरा नदी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटच्या रांगेत उगम पावते आणि केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर मांजरा धरण आहे. लातूर शहराचं पिण्याचं पाणी या धरणावर अवलंबून. २०१६ मध्ये धरण आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. धरणाच्या वर दोन हजार चौरस किलोमीटरांहून मोठा पाणलोट आहे: माथ्यावर हलकी मुरमाड जमीन, खाली काळी, आणि त्यावर सोयाबीन, तूर, कापूस, ऊस. या पाणलोटात किती पाऊस पडला तर किती पाणी धरणात येईल, किती विहिरींत मुरेल, किती माती आणि नत्र वाहून जाईल, हे काढण्यासाठी मी स्वॅट (सॉइल अँड वॉटर असेसमेंट टूल) हे संगणकीय मॉडेल वापरलं.

अमेरिकी कृषी खात्याच्या टेक्सासमधल्या टेंपल इथल्या प्रयोगशाळेत जेफ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मॉडेल तयार केलं. ते मोफत आहे आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये क्यूस्वॅट या जोडणीतून चालतं. नवी आवृत्ती स्वॅट प्लस आहे. इथलं सगळं २०१२ च्या आवृत्तीबद्दल आहे, कारण कॅलिब्रेशनची (म्हणजे मॉडेलचे गुणांक फिरवून त्याचे आकडे मोजलेल्या नोंदींशी जुळवण्याची) बहुतेक साधनं आणि जुनी उदाहरणं तिच्यावर आहेत. मराठवाड्यात हे मॉडेल कॅलिब्रेशनच्या आधीच बनतं किंवा बिघडतं. भेगाळलेली जमीन, मुरूम, विहिरी, बंधारे आणि खताची गोणी ही मंडळी आत नीट बसवली नाहीत, तर पुढे संगणक आकडे जुळवून देतो, पण ते चुकीच्या कारणांनी जुळलेले असतात.

नकाशांचं काम लवकर उरकतं. उंचीसाठी इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडेम किंवा नासाचं एसआरटीएम हे उपग्रहीय उंचीचे नकाशे, दोन्ही ३० मीटरचे. सगळे थर यूटीएम झोन ४३ उत्तर या एकाच नकाशा-प्रक्षेपणात आणायचे. पठारावर उतार इतका कमी असतो की मॉडेलनं काढलेला ओढा खऱ्या ओढ्यापासून दूर जातो, म्हणून नदीनाल्यांची रेषा उंचीच्या नकाशात आधी कोरून घ्यायची. धरणाच्या जागी आणि प्रत्येक प्रवाहमापन केंद्राच्या जागी स्वतःहून आउटलेट, म्हणजे उपपाणलोटाचं पाणी बाहेर पडण्याचा बिंदू, टाकायचं. उताराचे वर्ग मी ०–३, ३–८ आणि ८ टक्क्यांच्या वर असे तीनच ठेवतो.

पुढची पायरी एचआरयूची, म्हणजे एकच पीक, एकच माती आणि एकच उतार असलेले तुकडे करण्याची. इथे बहुतेक जण १० टक्क्यांची मर्यादा लावतात, म्हणजे त्याहून कमी क्षेत्राचे तुकडे वगळतात, आणि तिथेच ऊस गायब होतो. एखाद्या उपपाणलोटात ऊस पाच टक्के क्षेत्रावर असेल तर मॉडेल तो सोयाबीनमध्ये विलीन करतं. पण उपशाचा मोठा वाटा त्याच पाच टक्क्यांचा असतो. क्यूस्वॅटमध्ये एखाद्या भूवापराला या मर्यादेतून सूट देता येते. उसाला ती द्यायचीच. दुसरी अडचण नकाशाची. उपग्रहाच्या नकाशात नुसतं ‘शेतजमीन’ असतं किंवा फार तर खरीप, रब्बी, दुपीक. त्याची पिकांत फोड करण्याची सोय त्याच खिडकीत आहे. टक्केवारी तालुक्याच्या पीकपेऱ्यावरून घ्यायची; २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या नोंदीही पडताळणीला उपयोगी पडतात.

मातीसाठी नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे नकाशे जागतिक नकाशांपेक्षा कितीतरी बरे. अहवालात सेंद्रिय पदार्थ दिले असतील तर १.७२ नं भागून सेंद्रिय कर्ब भरायचा, मॉडेलला कर्ब लागतो. माथ्यावरची माती वीत-दीड वीत खोल असते. तेवढाच थर देऊन थांबलं तर मॉडेल म्हणतं, दोन सरींत जमीन भरली, उरलेलं सगळं वाहिलं नाहीतर खाली गेलं. प्रत्यक्षात तुरीची मुळं मुरमात उतरतात आणि मुरूमही थोडी ओल धरतो. म्हणून मातीखाली मुरमाचा वेगळा थर द्यायचा, ओलधारणा कमी आणि पाझर जास्त ठेवून.

काळ्या जमिनीचं दुखणं वेगळं आहे. तिचा जलगट ‘ड’, म्हणजे पाणी सर्वांत कमी मुरणारा. सरळ ओळीतल्या पिकासाठी या गटाचा कर्व्ह नंबर, म्हणजे पावसातलं किती पाणी वाहून जाईल हे ठरवणारा आकडा, ८९. या नंबरानं ४० मिमी पावसाचं गणित केलं तर सुमारे १७ मिमी अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारं पाणी, निघतो. ऑगस्टमध्ये हे पटण्यासारखं आहे. जूनच्या पहिल्या पावसात मात्र उन्हाळ्यात तापलेल्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात आणि ते चाळीस मिलिमीटर त्यांतच जिरतं. ओढ्याला थेंब येत नाही. मॉडेल जूनमध्ये पूर दाखवतं, धरणाची नोंद शून्य म्हणते. कॅलिब्रेशन मग वर्षभराचा कर्व्ह नंबर खाली ओढतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा खरा अपधावही मारून टाकतं. उपाय दोन. बेसिनच्या फाइलमध्ये भेगांतल्या प्रवाहाची कळ चालू करून त्या मातीला भेगांचं कमाल प्रमाण द्यायचं. किंवा मशागतीच्या वेळापत्रकात कर्व्ह नंबर बदलायचा: उन्हाळी नांगरटीच्या नोंदीला कमी, पेरणीच्या नोंदीला पुन्हा वरचा. मला दुसरा मार्ग जास्त हाताळता येण्याजोगा वाटतो, कारण भेगांच्या प्रमाणाची मोजमापं सहसा हाती नसतात.

पावसाच्या आकड्यांवर वेळ घालवावा तेवढा थोडा. हवामान खात्याची जाळीदार माहिती ०.२५ अंशांची आहे, म्हणजे एक चौकट साधारण २७ किलोमीटरची. दीर्घ काळासाठी ती उत्तम, पण एका मंडळात पडलेली ढगफुटीसारखी सर तिच्यात पसरून सौम्य होते. जिथे मिळेल तिथे महसूल मंडळाचं पर्जन्यमापक केंद्र घ्यावं, पण त्यात न भरलेला दिवस शून्य म्हणून नोंदलेला असतो. शेजारच्या तीन केंद्रांवर ५० मिमी आणि मध्येच एकावर शून्य दिसलं तर तिथे उणे ९९ भरायचं. मग मॉडेल तो दिवस गहाळ समजतं. शिवाय नोंदीचा दिवस सकाळी साडेआठला संपतो; १५ तारखेच्या रकान्यातला पाऊस बराचसा १४ तारखेचा असतो. धरणाच्या रोजच्या नोंदींशी ताळा घालताना या एका दिवसाच्या सरकण्यानं दैनिक जुळणी घसरते, आणि लोक उगाच पाणी वाहण्याच्या वेळेचे गुणांक फिरवत बसतात.

पेरणीचं वेळापत्रक मुळीच जसंच्या तसं स्वीकारू नये. स्वॅट पेरणी उष्णतेच्या एककांवर ठरवतं: १ जानेवारीपासून वर्षाची १५ टक्के उष्णता साठली की पेरणी. थंड प्रदेशात ते वसंतात बसतं. आपल्याकडे जानेवारीतही तापमान चांगलं असल्यानं ही मर्यादा फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चच्या आरंभी गाठली जाते आणि सोयाबीन ऐन उन्हाळ्यात पेरलं जातं. म्हणून तारखाच द्यायच्या, त्याही दरवर्षी वेगळ्या. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका असं कृषी खातं सांगतं. पावसाच्या नोंदीत तो टप्पा कधी आला ते बघून मी त्या वर्षाची तारीख टाकतो. शंभर-एक दिवसांच्या सोयाबीनला, सरासरी २६ अंश आणि आधार (ज्याखाली पीक वाढत नाही ते तापमान) १० अंश धरले, तर सुमारे १६०० एककं पुरतात. उसात सुरू, पूर्वहंगामी आणि आडसाली वेगळे ठेवावेत. आडसाली जुलै-ऑगस्टला लागतो आणि दीड वर्षानं तुटतो, म्हणून त्याचं वेळापत्रक दोन वर्षांचं लिहावं लागतं. निम्म्या तुकड्यांना ते एक वर्ष पुढे सरकवून द्यावं, नाहीतर एका वर्षी सगळा ऊस उभा आणि पुढच्या वर्षी सगळा तुटलेला असं दिसतं.

खताची शिफारस नत्र, स्फुरद, पालाश अशी असते. सुरू उसाला हेक्टरी २५०:११५:११५ किलो. यातलं स्फुरद पी२ओ५ या रूपात मोजलेलं आहे. मॉडेलला मूलद्रव्य फॉस्फरस लागतो. ११५ ला ०.४३६ नं गुणलं की ५० किलो. ११५ तसंच भरलं तर शेतात दुपटीहून जास्त फॉस्फरस पडतो. पालाशाचा हिशेब स्वॅट करत नाही. आणि शिफारस म्हणजे प्रत्यक्ष वापर नव्हे. शेतकरी एकरी गोण्यांत सांगतो: युरियाची गोणी ४५ किलोची, नत्र ४६ टक्के, म्हणून एकरी दोन गोण्या म्हणजे ४१.४ किलो, हेक्टरी साधारण १०२ किलो नत्र. गावात विचारलेला हा आकडा शिफारशीच्या आकड्यापेक्षा मॉडेलला जास्त मोलाचा आहे.

आता विहिरी. २०१२ च्या आवृत्तीत वरच्या भूजलसाठ्याची सुरुवातीची पातळी १००० मिमी धरलेली असते. बेसाल्टमध्ये एवढं पाणी कुठून येणार? आपल्या कातळाची पाणी सोडण्याची क्षमता साधारण १ ते ३ टक्के. बारा मीटर जाडीचा भिजलेला थर आणि २ टक्के धरले तरी २४० मिमी. साठा हजारावर ठेवला तर मॉडेलमधल्या विहिरी एप्रिल-मेमध्येही आटत नाहीत आणि उसाला बारा महिने पाणी मिळत राहतं. मग बाष्पोत्सर्जन फुगतं, धरणात येणारं पाणी घटतं आणि नत्राचा निचराही चुकतो. हा आकडा दीडशे-दोनशेपर्यंत खाली आणायचा आणि ओढ्याला पाणी सुटण्याची मर्यादाही, जी मुळात हजारच असते, त्याच प्रमाणात कमी करायची. दोन्ही एकत्र बदलले नाहीत तर बेसफ्लो, म्हणजे भूजलातून ओढ्याला येणारं पाणी, कायमचा बंद पडतो. पडताळणीला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. त्या जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजल्या जातात. मे ते ऑक्टोबर पातळी सहा मीटर चढली, तर ०.०२ नं गुणून १२० मिमी. मॉडेलनं दिलेला पाझर यापेक्षा थोडा जास्त असायला हवा, कारण मधल्या काळात उपसाही झालेला असतो.

बंधारे, नालाबांध, शेततळी यांना स्वॅटमध्ये एकेकटी जागा नाही. प्रत्येक उपपाणलोटाला एकच ‘तळं’ मिळतं, त्यात सगळ्यांची बेरीज टाकायची. त्याचं एकक दहा हजार घनमीटर आहे, आणि आपल्या नोंदी टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरमध्ये असतात. म्हणून दहानं भागायचं. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल, एकास एक उताराच्या काठांचं शेततळं सुमारे २.२ टीसीएमचं होतं. अस्तरीकरण केलेल्या तळ्यांचा तळातून पाझर शून्य, नालाबांधाचा भरपूर. दोन्ही एका बेरजेत घालताना पाझराची सरासरी साठ्याच्या प्रमाणात काढावी. बांधबंदिस्तीची शेतं वेगळ्या प्रकारे दाखवायची: समपातळीत पेरणी आणि बांध असतील तर ‘ड’ गटाचा ८९ चा कर्व्ह नंबर ८१ पर्यंत येतो, आणि धूप कमी करणारा पी गुणांक मध्यम उतारावर निम्म्याजवळ.

धरणाच्या वर प्रवाहमापन नसेल तिथे धरणच मापक होतं. आवक म्हणजे साठ्यातला फरक, अधिक कालवा, पिण्याचं पाणी, सांडवा आणि बाष्पीभवन. बाष्पीभवनासाठी बाष्पीभवन मोजायच्या पॅनच्या आकड्याला ०.७ नं गुणून पाण्याच्या क्षेत्रानं गुणायचं. पातळीचं वाचन सेंटिमीटरभर हललं तरी पसरट जलाशयात आवक उणे येते. म्हणून रोजची नव्हे, महिन्याची बेरीज जुळवावी. साठ्याचा तक्ता जुना असेल तर गाळानं कमी झालेली क्षमता धरलेली नसते, नवं सर्वेक्षण मागून घ्यावं. एक झटपट ताळा नेहमी हाताशी असू द्या: दोन हजार चौरस किलोमीटरवर १ मिमी अपधाव म्हणजे २ दलघमी (दशलक्ष घनमीटर).

कॅलिब्रेशनच्या आधी मॉडेल तीन वर्षं नुसतं चालवून (वॉर्म-अप) त्या वर्षांचे आकडे सोडून द्यायचे आणि जून ते मे या जलवर्षाचा हिशेब मांडायचा. या पट्ट्यात पावसाचा दोन-तृतीयांश किंवा जास्त भाग बाष्पोत्सर्जनात गेलेला दिसला नाही, तर गुणांकांना हात लावू नये. चूक वरच्याच कुठल्या तरी पायरीत आहे. मग क्रम: आधी पाणी, नंतर गाळ, शेवटी नत्र-स्फुरद. फॉस्फरस काळ्या मातीच्या चिकणकणांना धरून वाहतो, गाळ जुळल्याशिवाय तो जुळतच नाही. सुफी-२ या कॅलिब्रेशनच्या पद्धतीला कर्व्ह नंबर दहा टक्क्यांहून जास्त फिरवू देऊ नका, तोही गुणोत्तरानं, नाहीतर हलकी आणि काळी जमीन एकसारखी होते. मासिक प्रवाहात नॅश-सटक्लिफ (मॉडेल नोंदींशी किती जुळतं त्याचा निर्देशांक, १ म्हणजे तंतोतंत) ०.५ च्या वर आणि एकूण पाण्यातला फरक २५ टक्क्यांच्या आत, ही मान्य पातळी. नत्र-फॉस्फरसला ७० टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे.

पाण्याच्या गुणवत्तेत सगळ्यांत मोठी फसगत एककांची. प्रयोगशाळेचा अहवाल नायट्रेट सांगतो आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे; स्वॅट नायट्रेटमधलं नत्र सांगतं. ४५ ला ४.४३ नं भागलं की १०.२. नदीच्या फाइलमध्ये रोजचे किलो मिळतात. त्यांना क्युमेकमधला (सेकंदाला घनमीटर) प्रवाह गुणिले ८६.४ नं भागलं की लिटरला मिलिग्रॅम येतात. नमुने महिन्यातून एकदा घेतले तर या नद्यांत बहुतेक वेळा कोरडं पात्र किंवा डबकंच मोजलं जातं. खतानंतरच्या पहिल्या दोन-तीन पुरांत पाणी चढताना आणि उतरताना, असे दोन्ही वेळचे नमुने हवेत.

शेवटी पर्याय चालवायचे: ठिबक, रुंद सरी-वरंबा, जास्त नालाबांध, कमी युरिया. प्रत्येक पर्याय त्याच पावसावर, ओली, सरासरी आणि दुष्काळी अशी तिन्ही वर्षं वेगळी काढून मांडावा. वर अडवलेलं पाणी दुष्काळी वर्षात धनेगावच्या आवकेतून वजा होतं आणि गावच्या विहिरीत जमा होतं. दोन्ही रकाने शेजारी शेजारी, गावाचा टीसीएममध्ये आणि धरणाचा दलघमीत, छापून गावाला आणि धरणाच्या उपविभागाला एकाच वेळी द्यावेत.