व्हिम लॉग, तिसरा महिना : ठ गेला कुठे?

व्हिम हा कीबोर्डवरूनच चालवायचा टेक्स्ट एडिटर शिकतोय, त्याची ही नोंद. मागच्या नोंदीत छाती फुगवून लिहिलं होतं की एच-जे-के-एल (कर्सर डावीकडे, खाली, वर, उजवीकडे नेणारी बटणं) आता बोटांत बसलंय, ॲरो कीकडे हात जात नाही, कॅप्स लॉकचं एस्केप करून टाकलंय वगैरे. ते सगळं खरं होतं, पण इंग्रजीपुरतं. या महिन्यात मराठी लिहायला बसलो आणि पहिल्या दिवसाइतका अडाणी झालो.

झालं असं की उन्हाळ्यात अमळनेरला आजीकडे होतो, तिच्या तोंडचे अहिराणी शब्द टिपून ठेवायचं खूळ डोक्यात शिरलं. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक शब्द, मग टॅब, मग मराठी अर्थ. मी टायपिंग इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर, शिकलोय, त्यामुळे सिस्टिमचा कीबोर्ड मराठी केला, इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर लिहायच्या अवस्थेत) गेलो, 'आठे' (इथे) लिहिलं, 'तठे' (तिथे) लिहिलं, मजा आली. एस्केप मारून नॉर्मल मोडला आलो, जिथे बटणं म्हणजे कमांड, आणि खाली जायला जे दाबलं. काहीच नाही. परत दाबलं, टुंग.

कारण साधं आहे पण डोक्यात यायला वेळ लागला. कीबोर्ड मराठी असला की एच-जे-के-एलच्या जागी व्हिमला प-र-क-त मिळतात. ओळ उडवायला डीडी दाबलं की त्याला दोन हलन्त जातात. आणि सेव्ह करायचं कोलन-डब्ल्यू म्हणजे इनस्क्रिप्टमध्ये छ आणि ऐची मात्रा, एस्केप विसरलो की फाइलीत सरळ 'छै' उमटतं. रात्री शोधलं तर तीन ठिकाणी छै निघालं, आजीने विचारलं हा कुठला शब्द रे, काय सांगू आता.

या बटणांचं मूळ तरी बघा. बिल जॉयने १९७६च्या सुमारास व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर, त्या कीबोर्डवर बाण एच-जे-के-एलवरच छापलेले होते आणि एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं, म्हणून तिथे हे सगळं हाताशी होतं. आपल्या ताटात प-र-क-त आलं त्यात त्याचा काय दोष.

पहिला उपाय व्हिमचं लँगमॅप हे सेटिंग. प आला तर एच समज, र आला तर जे समज, अशी यादी व्हिमआरसीत, म्हणजे व्हिमच्या सेटिंगच्या फाइलीत द्यायची. प-र-क-त चाललं, मी खूश, मग हलन्ताला डी करायला गेलो आणि गाडी अडली. यादीत स्वल्पविराम द्यावा लागतो आणि त्याच्यापुढे नुसता हलन्त लिहिला की तो स्वल्पविरामालाच जाऊन चिकटतो. मात्रांचंही तेच. आणि इनस्क्रिप्टच्या डाव्या हाताला सगळ्या मात्राच आहेत ना भो! डी, ई, डब्ल्यू, एफ, म्हणजे निम्मा व्हिमच त्या बाजूला. दोन संध्याकाळी वाया घालवून सोडून दिलं.

मग हेल्पमध्ये कीमॅप सापडलं, आणि हे आधी वाचायला हवं होतं. यात सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच राहतो, मराठी करतो तो व्हिम स्वतः, आणि तेही फक्त मजकूर लिहिताना. नॉर्मल मोडला आलात की जे म्हणजे जेच. डॉट-व्हिम फोल्डरात कीमॅप नावाचं फोल्डर, त्यात एक फाइल, वर लोडकीमॅप ही ओळ आणि खाली एकेका ओळीवर बटण, जागा, अक्षर. के, जागा, क. मोठा के, जागा, ख. मोठ्या जेला ऱ, नाहीतर तऱ्हा आणि दऱ्या कशा लिहिणार. एका बटणाला दोन-तीन अक्षरं दिली तरी चालतात म्हणून शिफ्ट-७वर क्ष, शिफ्ट-५वर ज्ञ. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-६ दाबलं की मराठी बंद, परत दाबलं की चालू. आणि ज्याने मी खुर्चीतून उठलो ते हे : एफ, टी (ओळीत अक्षर शोधणाऱ्या) आणि आर (अक्षर बदलणारी) या कमांडना पुढचं अक्षरसुद्धा मराठीच जातं. एफ इंग्रजी, ळ मराठी, कर्सर बरोबर ळवर.

कोणी म्हणेल फोनेटिक का नाही केलं. केलं होतं, पण के-एच मिळून ख ठेवला की नुसता के दाबल्यावर व्हिम एचची वाट बघत बसतो, डीफॉल्टला पूर्ण एक सेकंद. लगेच दुसरं बटण दाबलं तर कळत नाही, पण शब्द संपवून थांबलो की क लटकलेला. इनस्क्रिप्टमध्ये एक बटण एक अक्षर, वाट बघायचं कामच नाही.

आता ठ. शंभरेक ओळींची फाइल झाली, सगळं उमटतंय, आणि 'बठ्ठा' (सगळा) लिहायला गेलो तर ठच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह. आठे गेलं, तठे गेलं, बठ्ठा गेला. ठशिवाय अहिराणी म्हणजे ठेच्याशिवाय कळण्याची भाकरी! ओळ चार वेळा तपासली, होती की जागेवर. मग पेटली. इनस्क्रिप्टमध्ये ठ येतो दुहेरी अवतरणचिन्हाच्या बटणावर, आणि कीमॅप फाइलीत अवतरणचिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे कॉमेंट. व्हिम माझा ठ कॉमेंट समजून इमानदारीत सोडून देत होता, एरर नाही काही नाही. तिथे ते चिन्ह थेट न लिहिता त्याचा आस्की नंबर ३४ टोकदार कंसात, कॅर आणि डॅश लावून द्यायचा. दिला. बठ्ठा आला. एवढ्यासाठी पाऊण दिवस गेला, तुमचा जाऊ नये म्हणून लिहितोय.

दुसरी गोष्ट डेलकंबाइन हे सेटिंग. आजीच्या शेजारी बसून लिहीत होतो, अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी, मी घाईत मुलीच्या ओळीवर आंडोर लिहिलं. ती चष्मा लावून स्क्रीनवर बघते, "आंडोर नही रे, आंडेर!" मी अक्षर उडवणारा एक्स दाबला तर मात्रेसकट आख्खा डो उडाला. अक्षराचे युनिकोड नंबर दाखवणारं जीए दाबून पाहिलं तर एकाच घरात दोन नंबर दिसतात, ड २३३७ आणि मात्रा २३७९, व्हिमच्या लेखी मात्रा अक्षराला जोडलेली म्हणून दोघांची वरात एकदमच. डेलकंबाइन चालू केलं की एक्स आणि बॅकस्पेस आधी फक्त मात्रा काढतात, ड राहतो, त्यावर एची मात्रा द्यायची. डीफॉल्टला हे बंद असतं. मराठी लिहिणाऱ्याने पहिल्या दिवशी चालू करावं असं माझं मत, फक्त एक लक्षात ठेवा, मग दोनदा एक्स दाबणं आणि २-एक्स देणं सारखं वागेलच असं नाही.

मधे एकदा भर दुपारी लाइट गेली, डेस्कटॉप आहे, यूपीएस नाही. पंधरा मिनिटं सेव्ह केलेलं नव्हतं. व्हिम दर २०० अक्षरांनी किंवा ४ सेकंद हात थांबला की स्वॅप फाइल (सेव्ह न केलेल्या मजकुराची तात्पुरती फाइल) लिहितो, त्यामुळे लाइट आल्यावर डॅश-आरने उघडलं तर शेवटचा अर्धा शब्द सोडून सगळं जागेवर. रिकव्हर झाल्यावर जुनी स्वॅप फाइल आपणच पुसायची, नाहीतर दरवेळी तोच प्रश्न विचारत बसतो.

जे जमलं नाही ते टर्मिनलचं. माझ्या नेहमीच्या टर्मिनलात जोडाक्षरं तुटून दिसतात, बठ्ठामध्ये हलन्त पाय मोडलेला लटकतो. एमएलटर्म हे दुसरं टर्मिनल लावून पाहिलं, ते अनेक लिप्यांसाठीच बनवलेलं आहे, तिथे अक्षरं बरीच जुळली, पण लांब ओळीत कर्सर कुठे आहे आणि दिसतो कुठे यात माझा गोंधळ होतो. शब्द लिहिताना डोळे मिटून घेतो, अर्थ लिहिताना उघडतो, चाललंय.

यादी सध्या ४१२ ओळींवर आहे. ओळी क्रमाने लावणाऱ्या कोलन-सॉर्ट-यूने दुहेरी ओळी निघाल्या, पण युनिकोडात ळ लच्या लगेच नंतर बसतो आणि आपल्या वर्णमालेत तो हच्या पुढे, त्यामुळे मधे ळ असलेले शब्द भलतीकडे जातात, त्यावर अजून हात घातलेला नाही. कीमॅपची फाइल पुढच्या नोंदीबरोबर देतो, शिफ्टच्या दोन बटणांवर अजून चुकीची अक्षरं येतायत, ती आधी सापडू द्या.