लातुरात पोलिश गुलाश आणि मरव्याची कुंडी

जानेवारीत चार दिवस बरी थंडी पडली, म्हणजे आमच्या लातूरच्या हिशोबानं, सकाळी गाडीची सीट गार लागली की थंडी. आणि मला एकदम पोलंडातल्या गुलाशची, दाट मटणाच्या रश्श्याची, आठवण आली.

कंपनीच्या कामानं मी दीड वर्ष पोलंडात होतो, व्रॉत्सवाफला. गावाकडं कुणी विचारलं पोलंड कुठं आलं, तर मी कोल्हापूरपासूनच सुरू करतो, की दुसऱ्या महायुद्धात तिकडचे जवळपास 5,000 निर्वासित, बहुतेक बायका-पोरं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले होते, पार 1948 पर्यंत, तिथले ते लोक. मग माणसं "असं व्हय" म्हणतात आणि चहा पितात.

तर तिथली घरमालकीण. पोलिशमध्ये बाईमाणसाला मान देऊन बोलायचं तर "पानी" म्हणायचं. रोज सकाळी जिन्यात भेटली की मी पानी पानी करायचो, आणि मी कुठला, तर 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावचा. हसू यायचं पण सांगणार कुणाला. ह्याच बाईनं मला गुलाश शिकवला.

गुलाश मूळचा हंगेरीचा, तिकडं गुयाश म्हणजे गुराखी, रानात गुरं राखणाऱ्यांचं कालवण. हंगेरीत त्या नावानं मागितलं तर पातळ रस्सा येतो, पोलंडात मात्र दाट, चमच्याला चिकटणारा. माझ्या घरमालकिणीचा तो बीफचा, तेही पायाकडचं शिरा-बिरा असलेलं चिवट मटण, जे दोन-अडीच तास मंद शिजलं की त्यातला चिकटा रश्श्यात उतरतो. आपल्याकडं गाय आधीपासूनच आणि 2015 पासून बैलही कायद्यानंच बंद, म्हशीचं चालतं पण आमच्या घरात ते येत नाही, म्हणून मी बोकडाचं घेतलं, एक किलो, खांद्याचं आणि नळीचं. खाटकाला म्हणलं तुकडे मोठे ठेव, आवळ्यापेक्षा मोठे, तर तो म्हणला बिर्याणी का, मी हो म्हणलो, कोण समजावत बसणार.

पहिल्यांदा केला तेव्हा वाटोळं केलं होतं. तेल कडकडीत तापलेलं, त्यात लाल तिखट टाकलं आणि फोनवर बोलत बसलो, अर्ध्या मिनिटात काळं. पॅप्रिकात, म्हणजे तिकडच्या लाल तिखटात, साखर असते, ती चटकन जळते आणि सगळं कडू होतं, आपल्या बेडगीचंही तेच. वरून घाई म्हणून कुकरला लावलं, मटण शिजलं पण रस्सा पाण्यासारखा. आईनं एक घास खाऊन ताट बाजूला सारलं, बोलली काहीच नाही, ते जास्त लागलं.

ह्या वेळी कुकर माळ्यावरच राहू दिला. जाड बुडाचं पातेलं. मटण पुसून कोरडं केलं, जरासं मीठ-मिरपूड आणि दोन चमचे कणीक चोळली (तिकडं मैदा), आणि तीन खेपांत भाजलं. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं, मग ते भाजत नाही, नुसतं उकडतं. तांबूस झालं की काढून ठेवलं. त्याच पातेल्यात अर्धा किलोच्या वर कांदा. वाटण नाही, खोबरं नाही, आलं नाही, हे आईला पटतच नव्हतं. ती दारात उभी, "काय करूलालास रे, नुसता कांदाच?" नुसता कांदाच. वीस-पंचवीस मिनिटं बारीक गॅसवर, आधी पांढरा, मग पिवळा, मग पार मुरंब्यासारखा होऊन पातेल्याच्या बुडाला लागलेला सगळा तांबूस खर त्यानं ओढून घेतला. मग गॅस बंद. हो, बंद करायचा. चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून आणि तीन चमचे बेडगीचं तिखट हलवून घेतलं, लगेच गरम पाणी, एक चमचा टोमॅटोची पेस्ट, मटण परत आत, पुन्हा गॅस, झाकण.

मसाल्याचं म्हणाल तर ते तीनच घालतात. एक तमालपत्र, पण त्यांचं झाड वेगळं, त्यांच्या पानाला मधोमध एकच शीर आणि आपल्या पानाला उभ्या तीन, वासही आपला दालचिनीकडं झुकणारा. मी आपलंच टाकलं, अर्धं. दुसरं ऑलस्पाइसचे दाणे, लवंग-दालचिनीसारख्या वासाचे, ते लातुरात कुठं शोधत फिरू, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा टाकला. आणि तिसरं मायेरानेक. हे नाव मी तिकडं दीड वर्ष ऐकलं, सुकवलेल्या पाल्याची पुडी, शेवटी चुरून टाकायची, आणि दर वेळी वाटायचं हा वास ओळखीचा आहे, पण कुठला ते सापडायचं नाही. घरी आल्यावर एक दिवस बायकोच्या गजऱ्याचा वास आला. अरे हा तर मरवा! आपण डोक्यात माळतो, ते लोक मटणात घालतात. गच्चीवर बायकोची मरव्याची कुंडी आहे, तिथून मूठभर खुडला. फुलवाल्याकडचा खायला घेऊ नका, त्यावर काय मारलेलं असेल सांगता येत नाही.

पावणेदोन तास लागले. मधी दोनदा आईनं झाकण उचललं, एकदा तर हातात येसराचा, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाचा, डबा घेऊनच आली, "चमचाभर टाकते, दाट होईल." नको म्हणलो. खरं सांगतो, टाकला असता तर बिघडलं नसतं, तिकडंही पातळ वाटलं की लोण्यात पीठ भाजून लावतात, फक्त येसरातले धने-मसाले आले असते. गरज पडली नाही, चमचा उभा राहील इतका दाट झाला.

सोबत तिकडं काशा असते, भरडलेल्या धान्याचा मोकळा भात, नाहीतर बटाट्याची धिरडी. मी ज्वारीच्या कण्या केल्या. आणि खारातली काकडी, ती हवीच, तिच्या आंबटपणाशिवाय गुलाश जड पडतो. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ, लसूण आणि शेपू, पोलंडातही शेपूच बरं का, त्याची फुलं आलेली काडी टाकतात. काकडी पाण्याखाली बुडली पाहिजे. इथं चार दिवसांत आंबली.

आईनं कण्या बाजूला केल्या आणि भाकरी कुस्करली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "मिरची कमी हाय" एवढंच म्हणली, आणि सकाळी पाहतो तर उरलेल्या गुलाशला लसणाची फोडणी देऊन वर काळा मसाला टाकलेला.

बायकोचं वेगळंच. संध्याकाळी लग्नाला जायचं होतं, गच्चीवर गेली आणि तशीच खाली आली. कुंडीत नुसत्या काड्या. आता म्हणते पुढचा गुलाश उन्हाळ्यानंतर, आणि मरवा स्वतःचा लाव.